योग्य त्या वेळी कळवावे

३ फेब्रुवारी

धाकटीस,

आशीर्वाद लिहीत नाही. ते घ्यायची तुझी इच्छा नसणार, आणि द्यायचा तोरा माझ्यातही उरलेला नाही.

काल तू मला वॉर्डच्या दारातच अडवलंस. तुझ्या हातात थर्मास होता, चष्म्याची एक काडी चिकटपट्टीने जोडलेली होती. तू एवढंच विचारलंस, "ताई, तुला माहीत होतं का?" मी म्हणाले, "नाही." तू माझ्याकडे बघितलंस आणि दार ओढून घेतलंस. पण ते झुलतं दार, ते काही नीट लागत नाही. दोनदा आतबाहेर झालं, आणि त्या फटीतून मला भाऊजींचे पाय दिसले. मोजे तू घातले असशील. एक उलटा होता.

तोंडाने बोलायला गेले की माझं सगळं बिनसतं, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. कागदावर जरा बरं जमतं. म्हणून लिहिते आहे.

तुला आणि भाऊजींना वाटतं की बँकांवर देखरेख ठेवणाऱ्या खात्यात मी एवढी वर्षं आहे, म्हणजे प्रत्येक बँकेच्या पोटात काय चाललंय ते मला कळत असणार. तसं नसतं गं. ही बँक परदेशी. तिचं मुख्य कार्यालय तिकडे, तेव्हा तिच्यावर मुख्य नजर तिकडच्या देखरेख खात्याची. आमच्या वाट्याला फक्त इथली शाखा. आमचे साहेब म्हणतात, परदेशी बँकेची शाखा म्हणजे घरात आलेली सून. तिच्या जुन्या दुखण्यांची फाइल माहेरी, आणि ती माहेरचे दाखवतील तेव्हा आपण बघायची. साहेब हे दर वर्षी नव्या मुलांना सांगतात आणि दर वर्षी स्वतःच हसतात.

तर माहेरच्यांनी फाइल दाखवली नाही. एकोणीस डिसेंबरला दुपारी चार वाजता त्यांचं पत्र आलं की मुख्य बँक बुडाली. पाचच्या आत आम्ही शाखेच्या दाराला नोटीस लावली. त्याआधी आम्हाला काही कळवलं गेलं नव्हतं.

बस दुरुस्तीच्या वर्कशॉपच्या दोनशे बारा माणसांचा निवृत्ती निधी तिथे होता, आणि त्याचे खजिनदार भाऊजी, हे मी विसरलेले नाही. लोक दारावर आले, त्यांनी भाऊजींना काय काय म्हटलं, तेही आईकडून कळलं. पंधरा दिवसांत त्या माणसाचे केस पांढरे झाले, आणि मग त्या मंगळवारी अर्धं अंग गेलं. ह्याला मी जबाबदार आहे असं तू म्हणाली नाहीस. म्हणायला तरी हवं होतंस.

आई रोज येते तुझ्याकडे, तिच्याबरोबर काही पाठवू का?

ताई

१९ फेब्रुवारी

धाकटे,

पत्र मिळालं असं आई म्हणाली. तू ते फ्रिजवर ठेवलंस, फाडलं नाहीस, हेही तिनेच सांगितलं. आईला बातमीदार करणं बरं नाही, पण दुसरी सोय नाही. भाऊजींची डाव्या हाताची बोटं हलतात, आणि शब्द एकच येतो, "थांब". पाणी हवं असलं तरी थांब, नको असलं तरी थांब. हे ऐकून मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मागच्या पत्रात मी सगळा दोष माहेरच्यांवर टाकला. त्यात थोडी भर घालायची आहे.

मी वर्षातून दोनदा परदेशी बैठकीला जायचे. तू चिडवायचीस, "ताई निघाली, जगाच्या बँका सरळ करायला." तिथे काय चालायचं ते तू कधी विचारलं नाहीस आणि मी सांगितलं नाही. तेवीस देशांची देखरेख खाती एका लांबलचक टेबलाभोवती बसतात. कानाला यंत्र, समोर पाण्याची बाटली आणि देशाच्या नावाची पाटी. बोलायचं असेल तर आडवी पाटी उभी करायची. काम एवढंच, की सगळ्या देशांनी बँकांकडे एकाच मापाने बघावं, आणि एका देशातल्या बँकेला ताप आला तर दुसऱ्या देशाला तो कळावा. ऐकायला किती सोपं वाटतं. आम्ही त्यावर सहा वर्षं घालवली.

एका वाक्यावर दीड वर्ष अडलं होतं. माझ्या मसुद्यात होतं, "मुख्य बँक अडचणीत असल्याचे लक्षात येताच यजमान देशाला विनाविलंब कळवावे." यजमान म्हणजे आमच्यासारखे, ज्यांच्याकडे नुसती शाखा असते. मोठ्या देशांना 'विनाविलंब' नको होतं. एकदा बाहेर सांगितलं की बातमी फुटते, आणि सुधारली असती ती बँकही मरते, असं त्यांचं म्हणणं. ते खोटं नाही. त्यांना हवं होतं, "योग्य त्या वेळी कळवावे."

माझ्या समोर बसायचा तो लंबू. आठवतो ना? चार वर्षांपूर्वी बैठक इथे होती तेव्हा मी त्याला तुझ्याकडे जेवायला आणलं होतं. आल्या आल्या त्याने चौकटीवर डोकं आपटलं, आणि तू त्याच्यासमोर हसत हसत आपल्या भाषेत त्याचं बारसं केलंस. भाऊजींनी त्याच्या बॅगेचं मोडकं चाक काढून वर्कशॉपमधलं बेअरिंग बसवून दिलं होतं. तो लंबू त्या मोठ्या देशाच्या खात्यातला, ह्याच बँकेच्या माहेरचा. आणि माणूस चांगला. हे लिहिताना माझं मलाच बरं वाटत नाही, पण चांगला.

तो एका मधल्या सुट्टीत म्हणाला, "तू विनाविलंब सोड. मी तुझं सातवं कलम पास करून देतो." सातव्या कलमाने आम्हाला त्यांच्याबरोबर मुख्य कार्यालयाच्या तपासणीला बसता येणार होतं. माझ्या साहेबांना तेच हवं होतं. मी फोन करून विचारलं, साहेब म्हणाले, "घेऊन टाका. शब्दाचं काय, शब्द काय जेवायला घालतो?"

तेवीस पाट्या आडव्या राहिल्या. कुणाची हरकत नाही. माझीही नाही. वाक्य पास झालं. रात्रीच्या जेवणात मला टाळ्या मिळाल्या, कारण दीड वर्षाचा गुंता सुटला होता.

आणि सातव्या कलमाखाली तपासणीला बसायचं आमंत्रण आम्हाला आजवर एकदाही आलेलं नाही.

हे तुला सांगायचं होतं. तो शब्द मी विकला, त्याची किंमत भाऊजींनी भरली. ह्यापलीकडे माझ्याकडे लपवण्यासारखं काही नाही.

ताई

६ मार्च

धाकटे,

तुझा मेसेज काल दुपारी आला. महिनाभरात पहिलाच. "आईचे पैसे कधी काढलेस?"

आई बोलून गेली असणार. तिला दोष देऊ नकोस, तिला आपण काय बोललो हेच माहीत नाही.

अकरा डिसेंबरला काढले. गुरुवारी. बँक बंद झाली त्याच्या आठ दिवस आधी.

आता सरळ लिहिते. पहिल्या पत्रातलं ते वाक्य पुन्हा बघ, "आम्हाला काही कळवलं गेलं नव्हतं." माझी नोकरी अशीच वाक्यं लिहिण्यात गेली. कळवलं गेलं नव्हतं हे खरंच. मला माहीत नव्हतं हे खोटं. वॉर्डच्या दारात तुला "नाही" म्हणाले ते खोटं.

आठ डिसेंबरला, सोमवारी, मी दातांच्या डॉक्टरकडे बसले होते. खाजगी फोनवर लंबूचा फोन. मागे गाड्यांच्या घोषणा चालल्या होत्या, तो कुठल्या तरी स्टेशनवर उभा राहून बोलत होता. म्हणाला, "मी हे तुला अधिकारी म्हणून सांगत नाहीये. हा फोन झालेलाच नाही."

मी म्हटलं, "बोल."

"ती बँक संपली. विकत घ्यायला कुणी मिळतंय का बघताहेत. दोन आठवडे, फार तर. तुमच्या शाखेतला पैसा रोज थोडा थोडा इकडे ओढून घेताहेत."

"मला लेखी कधी देणार?"

"योग्य त्या वेळी," तो म्हणाला. उपहासाने नाही म्हणाला. त्याचा आवाज रडवेला होता. मग गाडी आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी साहेबांना सांगितलं. त्यांनी आधी उठून दार लावलं. "लेखी आहे?" मी म्हटलं, नाही. "मग आपल्याला माहीत नाही."

मी म्हटलं, "साहेब, निदान शाखेतून पैसा बाहेर जातोय तो तरी थांबवू."

"कुठल्या आधारावर? आणि उद्या शाखेबाहेर रांग लागली तर बँक कुणी बुडवली? आपण. ते वाचवायला बघत होते आणि ह्यांनी गळा दाबला, असं सगळं जग म्हणेल. पुढे तुम्हाला कुणी काडीची माहिती देणार नाही." मग जरा मऊ होऊन म्हणाले, "तोंड बंद ठेवा. तुम्ही गुप्ततेची शपथ घेतली आहे."

मी ती घेतली होती, आणि साहेबांचं बोलणं मला पटलंही होतं. हे मला आज लिहायला सगळ्यात जड जातंय. मी घाबरून गप्प बसले नाही, पटलं म्हणून गप्प बसले.

आणि तरी दोन दिवसांनी मी आईला रिक्षात घालून शाखेत नेलं. डोळ्याच्या ऑपरेशनला लागतील म्हणाले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "आजी, मुदत मोडली तर व्याज जाईल." आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "जाऊ दे व्याज."

त्यानंतरच्या रविवारी आम्ही तुझ्याकडे जेवायला होतो. भाऊजी ताटावरून उठून कपाटातून पावती घेऊन आले. तुला आठवत असेल. "ताई, निधीची मुदत बुधवारी संपतेय. काहीजण म्हणताहेत दुसऱ्या बँकेत टाकू. तुमचं काय मत?"

मी म्हणाले, "भाऊजी, कुठल्याच बँकेबद्दल मी बोलत नाही. तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे, माहीत आहे," ते हसले. "म्हणजे सगळं ठीक आहे. काही काळंबेरं असतं तर ताईंच्या चेहऱ्यावर दिसलं असतं. काय गं?" असं त्यांनी तुला विचारलं, आणि तू म्हणालीस, "ताईला कुठे येतं खोटं बोलता."

तेवढ्यात आई म्हणाली, "मी तर माझे..." मी मध्येच म्हणाले, "आई, पाणी दे गं जरा." माझा पेला भरलेलाच होता. आईने आणखी ओतलं, ते टेबलावर सांडलं, आणि तू फडकं आणायला उठलीस.

भाऊजींनी बुधवारी निधी पुन्हा तिथेच ठेवला. शुक्रवारी मी स्वतः नोटिशीचा मसुदा केला.

तू विचारशील, आईचे पैसे काढलेस, मग आम्हाला का नाही सांगितलंस? धाकटे, मी विचार करून ठरवलं होतं. आई म्हणजे एकटी म्हातारी. तिने पैसे काढले तर कुणाचं लक्ष जाणार नव्हतं. भाऊजींनी काढले तर दोनशे बारा घरांत चर्चा, मग रांग, मग चौकशी, आणि चौकशीत माझं नाव. मी हे सगळं दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत तोंड उघडं ठेवून ठरवलं.

आणि ऐक, ह्याहून हास्यास्पद गोष्ट आहे. आईची ठेव लहान होती. तिला विमा होता. बँक बुडाल्यावरही आईला पैन् पै परत मिळाली असती. संस्थांच्या निधीला विमा नसतो. म्हणजे मी शपथ मोडली ती जिला गरज नव्हती तिच्यासाठी, आणि पाळली ती तुमच्या जिवावर.

क्षमा मागत नाही. तुझ्या मेसेजचं उत्तर दिलं.

ताई

२८ मार्च

धाकटे,

हे पत्र परदेशातल्या हॉटेलमधून लिहिते आहे. मला पुन्हा बैठकीला पाठवलं. मी जात नाही म्हणाले होते. साहेब म्हणाले, "तुमच्याइतकं ते प्रकरण कुणाला माहीत आहे?" हे बोलून झाल्यावर ते स्वतःच चपापले आणि टेबलावरच्या टाचण्या गोळा करायला लागले.

बैठक ह्याच बँकेवर होती. काय चुकलं, नियम कुठे कमी पडले. सव्वीस पानी अहवाल आधीच तयार होता. त्यात लिहिलंय की दोन्ही देशांच्या खात्यांनी मान्य नियमांचं पालन केलं आणि परस्पर सहकार्य समाधानकारक होतं. मी ते वाक्य तीनदा वाचलं. एकही शब्द खोटा नाही. लंबूने नियम पाळला, साहेबांनी पाळला, मी पाळला.

शेवटी दुरुस्तीचा मसुदा आला. "योग्य त्या वेळी" च्या पुढे आता घातलंय, "परिस्थिती विचारात घेऊन आणि शक्य असेल तेथे."

मी पाटी उभी केली.

मला वाटलं होतं माझा आवाज फुटणार नाही. फुटला. मी दोनशे बारा घरं सांगितली. भाऊजींचं नाव नाही घेतलं, खजिनदार म्हटलं. बस दुरुस्त करणारी माणसं, कुणी तीस वर्षं, कुणी चाळीस वर्षं काम केलेली, हे सांगितलं. एक माणूस "थांब" एवढाच शब्द बोलतो, हेही सांगितलं. मी म्हटलं, विनाविलंब हा शब्द परत घाला, मी तो सोडला ती माझी चूक होती. दुभाषी मुलगी काचेमागे बसते, ती क्षणभर थांबली आणि मग तिने भाषांतर केलं. तेवीस देशांनी कानातून ऐकलं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "आपल्या हृदयस्पर्शी निवेदनाबद्दल समिती आभारी आहे. त्याची नोंद घेण्यात येईल." मग घड्याळाकडे बघून म्हणाल्या, "आपण कॉफीसाठी थांबू या."

परत आल्यावर मसुदा मताला टाकला. हरकत असलेली पाटी एकच, माझी. मागे अडलं होतं तेव्हा इतर लहान देश माझ्याबरोबर होते; एकट्या देशाच्या हरकतीने काही अडत नाही.

लंबू कॉरिडॉरमध्ये खिडकीशी उभा होता. वाळला आहे. त्याला देखरेखीतून काढून ग्रंथालयात टाकलंय, तो ह्या खेपेला शेवटचा आला होता. मी म्हणाले, "तू पाटी उभी केली नाहीस."

"केली असती तर त्यांनी विचारलं असतं, तुला एवढी तळमळ का? आणि मग तो फोन निघाला असता. तुझं नावही."

"निघू दे की."

तो माझ्याकडे वळला. मग म्हणाला, "मी तुला सांगितलं होतं. नोकरी पणाला लावून सांगितलं. अकरा दिवस होते तुझ्याकडे. तू काय केलंस त्यांचं?"

तो वाट बघत थांबला, खरंच उत्तर हवं असल्यासारखा. मग म्हणाला, "तुझ्या बहिणीच्या घरचे ते... त्यांना माझा नमस्कार सांग," आणि लगेच, "नको, नको सांगूस," म्हणून निघून गेला.

हे मी तुला का लिहावं? निदान तिथे तरी मी बोलले, हे तुला कळावं म्हणून असेल. लिहून झाल्यावर ते कारणही फार चांगलं वाटत नाही.

ताई

१७ एप्रिल

धाकटे,

आईने तुझं पाकीट आणून दिलं त्याला आज बरोबर एक आठवडा झाला. मला वाटलं पत्र असेल. आत यादी. भाऊजींचं अक्षर, पट्टीने आखलेल्या रेघा, दोनशे बारा घरांचे पत्ते, आणि सुरुवातीच्या पत्त्यांपुढे हिरव्या शाईच्या खुणा. मागच्या पानावर तुझ्या चार ओळी.

"सदुसष्ट घरं ह्यांनी केली. एकेकाच्या दारात जाऊन स्वतः सांगितलं की पैसे गेले, मी ठेवले होते. अडुसष्टाव्या घराच्या जिन्यात पडले. उरलेली तू कर. मला जे लिहिलंस ते त्यांना सांग."

भाऊजी घरोघर जात होते हे मला माहीतच नव्हतं. घरात बसून राहिले, खचले आणि पडले, अशी माझी समजूत होती.

मी सोमवारी राजीनामा दिला. साहेब वाचून म्हणाले, "राजीनाम्याने शपथ सुटत नाही, बाई. बाहेर बोललात तर खटला होईल. पेन्शनला मुकाल." मी म्हटलं, "माहीत आहे." त्यांनी विचारलं, "मग मिळवणार काय?" मी खरं ते सांगितलं, काहीच नाही. ते म्हणाले, "वेड लागलंय तुम्हाला," आणि मला लिफ्टपर्यंत सोडायला आले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच.

अडुसष्टावं घर आधी केलं. तिसरा मजला, जिन्याचा कठडा सैल आहे. दार उघडलं ते बसच्या सीटा शिवणाऱ्याने. मी कोण ते सांगितलं, आणि ठरवून आलेलं बोलले. मला अकरा दिवस आधी कळलं होतं. खजिनदारांनी मला विचारलं होतं, मी गप्प बसले. त्यांना काहीही माहीत नव्हतं. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, "मी त्याला त्या दिवशी वरूनच शिव्या घातल्या. तो चढत होता आणि मी वरून ओरडत होतो." मग त्याने दार लावलं. पुन्हा उघडून विचारलं, "हे तुम्ही लिहून द्याल?" मी तिथेच जिन्यात बसून लिहून दिलं. आता प्रत्येक घरी लिहूनच नेते, खाली सही.

एकोणसत्तरावं बंद होतं. सत्तराव्यात एक बाई, नवरा कानाने अधू. तिने मला तीच गोष्ट त्याच्यासाठी पुन्हा सांगायला लावली, मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. शेवटी मी ओरडून सांगत होते आणि समोरच्या दोन्ही दारांतून माणसं बाहेर आली. म्हातारा म्हणाला, "आता ऐकू आलं. निघा." एकाहत्तराव्यात माझ्या अंगावर बादली ओतली. पाणी स्वच्छ होतं. बाहत्तराव्यात माणूस हसायला लागला, आणि बराच वेळ थांबलाच नाही. त्र्याहत्तरावा रंगारी. त्याने माझ्यासमोर वर्कशॉपमधल्या चौघांना फोन लावून सांगितलं, "खजिनदाराला माहीत नव्हतं. त्याच्या मेव्हणीला माहीत होतं." आईला बातम्या विचारणं मी सोडलंय, तेव्हा तुझ्याकडे त्यातलं कुणी आलं का, मला कळायचा मार्ग नाही.

काल चौऱ्याहत्तरावं. रात्रपाळीच्या वॉचमनची विधवा, पासष्टीच्या पुढची. तळमजल्यावर एक खोली, आणि टेबलावर सरकारी पत्रं तारखेप्रमाणे लावलेली. तिने मला खुर्ची दिली, चष्मा लावला, माझा कागद हळूहळू वाचला. राग नाही, काही नाही. घडी घालून तो त्याच गठ्ठ्यात ठेवला आणि म्हणाली, "ते झालं. आता मला एक सांगा. पैसे परत येणार का?"

माझ्या तोंडात आपोआप आलं, "त्याबाबतची प्रक्रिया सध्या..." ती मान हलवत होती, कारण त्या गठ्ठ्यातल्या प्रत्येक पत्रात हेच वाक्य होतं. तिला ते पाठ असणार. मी थांबले.

"नाही," मी म्हटलं. "येणार नाहीत."

"थोडेसुद्धा?"

"इथल्या शाखेतला पैसा त्यांनी बँक बुडण्याआधीच तिकडे नेला. तिकडच्या ठेवीदारांचं आधी भागवतील. तेही पुरं भागणार नाही. तुमच्यापर्यंत काही येणार नाही."

ती म्हणाली, "मी चार महिन्यांचं भाडं थकवलंय. येतील येतील म्हणून. घरमालकाला रोज सांगते, पुढच्या महिन्यात."

"नका सांगू."

तिने चष्मा काढला. मग उठून कोपऱ्यातल्या पलंगावरची चादर काढायला लागली. मला आधी कळेना. तिने चादर घडी केली, उशीचा अभ्रा काढला, गादीची गुंडाळी करायला घेतली, आणि ती एकटीला आवरेना, म्हणून मी दुसरं टोक धरलं. आम्ही दोघींनी ती गुंडाळली. ती म्हणाली, "भाचीकडे जाते. ती कधीची बोलावतेय. मला वाटायचं, पैसे आले म्हणजे कशाला कुणाच्या दारात जायचं." दोरी बांधता बांधता तिने विचारलं, "खजिनदार कसे आहेत आता? माझा नवरा गेला तेव्हा सगळे कागद त्यांनीच भरून दिले होते."

मी म्हणाले, मला माहीत नाही. माझी बहीण मला काही कळवत नाही.

तिला ते चमत्कारिक वाटलं असावं. पण तिने पुढे काही विचारलं नाही. गादी दारापर्यंत न्यायला सांगितली, ती मी नेली.

एकशे अडतीस घरं राहिली आहेत, आणि ते बंद एक. मी उद्या सकाळी निघते.

ताई